मामा, शेठलोक सरकार विकत घेतात का?

माझी भाची डोंबिवलीला असते, पोलिटिकल सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला, ‘मामा, अमेरिकेत मस्कने निवडणुकीत एवढे पैसे ओतले आणि त्याचा माणूस निवडून आला. आपल्याकडे पण चार-पाच शेठच सगळं चालवतात असं ट्रेनमध्ये बायका बोलत असतात. पैशाने निवडणूक खरंच विकत मिळते का? आणि मिळत असेल तर मी मत द्यायला कशाला जाऊ?’

फोनवर सांगण्यासारखं नाहीये म्हणून लिहून काढतो, लांब होईल, सावकाश वाच. मी सीए आहे हे तुला माहितीच आहे, फोर्टात ऑफिस, सव्वीस वर्षं झाली. पण मामा निवडणुकीत काय करतो हे तुला नीट कोणी सांगितलं नसेल. वर्षभर मी मधल्या साइजच्या कंपन्यांची ऑडिटं करतो, म्हणजे जे डोनेशन देतात त्यांच्या वह्या बघतो, आणि निवडणूक आली की दोन-तीन उमेदवारांची खर्चाची रजिस्टरं सांभाळतो, म्हणजे जे घेतात त्यांच्या वह्या. दोन्हीकडच्या वह्या बघितलेला माणूस म्हणून सांगतो, बातम्यांमध्ये ज्या जागी सगळे बोट दाखवतात तिथे खरा खेळ फार कमी असतो.

आधी मताचं बोलू. २०१९ ची लोकसभा आठवते का, दक्षिण मुंबई. देशातला सगळ्यात श्रीमंत माणूस, ज्याचं सत्तावीस मजल्यांचं घर त्याच मतदारसंघात आहे, त्या मुकेश अंबानींनी कॅमेऱ्यासमोर काँग्रेसच्या मिलिंद देवरांना पाठिंबा दिला, बँकवाले उदय कोटक पण त्याच व्हिडिओत होते. एवढे मोठे उद्योगपती असं उघड कधी बोलत नाहीत, त्यामुळे आमच्या ऑफिसात त्या दिवशी कामधंदा सोडून सगळे तेच बघत होते. निकाल काय लागला? समोरचे शिवसेनेचे अरविंद सावंत लाखभर मतांनी निवडून आले. लालबाग, शिवडी, वरळीच्या लोकांनी शेठचा व्हिडिओ बघितला, फॉरवर्ड पण केला, आणि मत द्यायचं तिथेच दिलं.

त्याच्या आधीचं बघायचं तर १९६७. स. का. पाटील म्हणजे मुंबईचे अनभिषिक्त सम्राट, तीन वेळा महापौर, मग केंद्रात मंत्री, आणि काँग्रेससाठी मुंबईतल्या शेठलोकांकडून निधी गोळा करावा तर त्यांनीच. त्यांना दक्षिण मुंबईत कोणी पाडलं? जॉर्ज फर्नांडिस, टॅक्सीवाल्यांचे आणि म्युनिसिपालिटीच्या कामगारांचे पुढारी. आणि १९७१ ला खुद्द नवल टाटा तिथूनच अपक्ष उभे राहिले, आडनाव टाटा, मतदारसंघात सगळी ऑफिसं त्यांची, तेही पडले. अमेरिकेतही तेच, २०२० मध्ये अब्जाधीश मायकल ब्लूमबर्ग यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी स्वतःच्या खिशातले शंभर कोटी डॉलरच्या आसपास उडवले, तीन-साडेतीन महिने टीव्हीवर दुसरं कोणी दिसत नव्हतं, आणि पदरात पडलं काय तर अमेरिकन समोआ नावाचा एक छोटा बेटसमूह. तुझ्या मस्कचं पण अर्धंच ऐकलंयस तू. २०२४ ला त्याने २५ कोटी डॉलरच्या वर खर्च केले आणि ट्रम्प आले हे बरोबर, पण पाच महिन्यांत, एप्रिल २०२५ ला, विस्कॉन्सिन राज्यात सुप्रीम कोर्टाच्या जजची निवडणूक होती (तिथे जजसुद्धा निवडून येतात, तो वेगळाच विषय), तिथे त्याने आणि त्याच्या गटांनी दोन कोटी डॉलरच्या वर ओतले, स्वतः स्टेजवर गेला, आणि त्याचा माणूस दहा टक्क्यांच्या फरकाने आपटला.

आता तू म्हणशील, मग हे पैसेवाले काय येडे आहेत का?

येडे अजिबात नाहीत गं. ते मत घ्यायला पैसे देतच नाहीत, मत मागायचा धंदा पुढाऱ्याचा. ते काय घेतात हे सांगायला मला आधी माझं रजिस्टर उघडावं लागेल.

उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, २०२२ पासून आपल्यासारख्या मोठ्या राज्यात लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख. अर्ज भरायच्या आधी वेगळं बँक खातं उघडायचं, रोजचा खर्च रजिस्टरमध्ये चढवायचा, निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करायचा, नाहीतर तीन वर्षं निवडणूक लढवायला बंदी येऊ शकते. जिल्हा निवडणूक अधिकारी रेटचं पत्रक काढतात, त्यात खुर्ची, मांडव, गाडी, ढोल-ताशा, चहा, वडापाव, सगळ्याचे दर असतात, आणि त्यांची माणसं सभेचं शूटिंग करून खुर्च्या मोजतात आणि स्वतःची एक वेगळी छाया नोंदवही ठेवतात. म्हणजे मी दोनशे खुर्च्या चढवल्या आणि त्यांच्या व्हिडिओत सहाशे दिसल्या तर नोटीस आलीच. एका इलेक्शनला वडापावच्या संख्येवरून मी आणि खर्च निरीक्षकांचा माणूस पाऊण तास भांडलोय. कागदावर सिस्टिम इतकी कडक आहे की बाहेरच्या माणसाला कौतुक वाटावं.

२०१४ च्या विधानसभेची गोष्ट, पूर्व उपनगरातला एक उमेदवार, पक्ष कुठला ते सोड. तेव्हा मर्यादा २८ लाख होती. मी हिशेब सादर केला सतरा लाखांच्या जवळपास, आणि तो पास झाला. आता साधा गुणाकार कर. मतदारसंघात तीनशेच्या आसपास बूथ धर, प्रत्येक बूथला बाहेर टेबलावर आणि आत मिळून दहा पोरं, मतदानाच्या दिवशी प्रत्येकाला पाचशे रुपये आणि जेवण. नुसते पाचशे धरले तरी पंधरा लाख, आणि हे फक्त एका दिवसाचं, त्यात प्रचाराचे पंधरा दिवस नाहीत, गाड्या नाहीत, बॅनर नाही, सोसायट्यांना दिलेलं पाण्याच्या टाकीचं वचन नाही. मग बाकीचा खर्च कोणी केला? मांडववाल्याचं बिल एका बिल्डरने परस्पर भागवलं, जेवण एका केटररने ‘मैत्रीत’ दिलं, गाड्या कोणाच्या तरी शोरूममधून आल्या. माझ्या टेबलावर यातलं एकही बिल आलं नाही. आलेलं प्रत्येक बिल मी चढवलं. न आलेलं बिल चढवता येत नाही, हे वाक्य मी त्या महिन्यात स्वतःला बऱ्याचदा ऐकवलं होतं, आज तुला लिहितानाही ते फार शोभतंय असं नाही.

पण गंमत पुढे आहे. निकालानंतर तोच मांडववाला माझ्याकडे जीएसटीच्या कामाला यायला लागला (सुरुवातीला सर्व्हिस टॅक्स होता तेव्हा), आणि बोलता बोलता सांगून गेला की साहेब, समोरच्या उमेदवाराचा मांडव पण माझाच होता आणि त्याचंही बिल त्याच शेठने दिलं. म्हणजे कोण निवडून येतो याच्याशी त्या बिल्डरला घेणंदेणंच नव्हतं! त्याला एवढंच हवं होतं की जो येईल त्याने फोन उचलावा.

हे माझ्या एका मांडववाल्यापुरतं नाहीये. देवेश कपूर आणि मिलन वैष्णव या दोन अभ्यासकांनी राज्याराज्यांतले सिमेंटच्या खपाचे आकडे काढून बघितले, तर विधानसभा निवडणूक आली की त्या सुमारास सिमेंटचा खप खाली जातो. त्यांनी लावलेला अर्थ असा की बिल्डरचा हातातला पैसा तेव्हा साइटवरून निवडणुकीकडे वळतो. आपल्याकडे हे कोणाला पेपर वाचून कळायची गरज नाही, मतदानाच्या आधीच्या महिन्यात आमच्या ओळखीच्या साइटवरचे मुकादम गावाला जाऊन येतात.

हे झालं खालच्या लेव्हलचं. अब्जाधीश म्हणतेस त्यांचा पैसा आमदाराच्या रजिस्टरमध्ये दिसणारच नाही कारण तो पक्षाकडे जातो, आणि पक्षाच्या खर्चाला आपल्या कायद्यात मर्यादाच नाही. उमेदवाराला ४० लाख, पक्षाला आभाळ मोकळं. ऑक्टोबर १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या केसमध्ये सांगितलं होतं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च त्याच्याच हिशेबात धरा, नाहीतर मर्यादेला काय अर्थ. सरकारने काही आठवड्यांत वटहुकूम काढून तो निकालच पुसला. पुढे २००३ ला ती तरतूद बदलली, पण स्टार प्रचारकांचा प्रवास आजही उमेदवाराच्या खात्यात येत नाही. जुहूच्या धावपट्टीवरून प्रचाराच्या दिवसांत जी हेलिकॉप्टरं उडत असतात ना, त्यांचं तासाचं भाडं लाखांत असतं, आणि माझ्या रजिस्टरमध्ये त्यांना कॉलमच नाही.

अमेरिकेतही असंच दार आहे, फक्त ते कोर्टाने उघडलं. तिथे २०२४ ला एका माणसाला एका उमेदवाराला एका निवडणुकीत थेट ३,३०० डॉलरच देता येत होते. पण २०१० मध्ये सिटिझन्स युनायटेडच्या केसमध्ये पाच विरुद्ध चार असा निकाल लागला, की कंपन्यांनी स्वतंत्रपणे प्रचारावर खर्च करणं हे अभिव्यक्ती स्वातंत्र्य आहे, आणि त्याच्या पाठोपाठ सुपर पॅक नावाचे प्रचारावर खर्च करणारे गट आले ज्यांना कितीही घेता येतं. मस्क तिथूनच आत शिरला.

आता मुंबईच्या माणसाने अभिमानाने सांगावी अशी एक गोष्ट. या सगळ्याचा धोका आपल्याच हायकोर्टाने १९५७ साली ओळखला होता. टाटा आयर्न अँड स्टीलला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून कंपनीच्या घटनेत बदल करायचा होता, एका भागधारकाने हरकत घेतली. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कायद्यात अडवायला काही नाही म्हणून परवानगी तर दिली, पण निकालात बजावून ठेवलं की हा धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचाच गळा आवळेल, संसदेने याच्याकडे लक्ष द्यावं. आर्टिकलशिप, म्हणजे सीएचं ट्रेनिंग, करताना मी तो निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ते जरा अति वाटलं होतं. आणि तेव्हाची पद्धत पण बघ, १९६१ मध्ये जेआरडी टाटांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून सांगितलं की आम्ही काँग्रेसला देतोच पण आता ‘स्वतंत्र’ नावाच्या पक्षालाही देणार आहोत, कारण देशाला चांगला विरोधी पक्ष हवा. नेहरूंनी उत्तर दिलं, द्या, तुमचा अधिकार आहे. आज कुठला उद्योगपती पंतप्रधानांना असं पत्र लिहील सांग मला.

१९६९ ला इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी घातली. पैसा थांबला का? पैसा चेकबुकातून उठला आणि सुटकेसमध्ये जाऊन बसला. सोळा वर्षं असं चाललं, १९८५ ला राजीव गांधींच्या काळात परत परवानगी आली, नफ्याच्या पाच टक्के, २०१३ च्या कंपनी कायद्यात साडेसात टक्के, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यावर. पण त्या सोळा वर्षांत जी सवय लागली ती लागलीच. मुंबईत लाखाला पेटी आणि कोटीला खोका म्हणतात, आणि आंगडियाच्या (रोकड पोचवणाऱ्या खासगी कुरिअरवाल्याच्या) भाषेत हे शब्द अजून चालू आहेत.

मग आले इलेक्टोरल बॉण्ड, २०१७ च्या बजेटमध्ये घोषणा, २ जानेवारी २०१८ ला अधिसूचना. फक्त स्टेट बँकेत मिळायचे, हजार रुपयांपासून एक कोटीपर्यंत, पंधरा दिवसांत पक्षाने वटवायचा, कोणी दिला ते बाहेर कळणार नाही. सोबत दोन गोष्टी गुपचूप बदलल्या ज्या माझ्यासारख्याला जास्त खुपल्या, साडेसात टक्क्यांची मर्यादा काढून टाकली, आणि कंपनीने बॅलन्सशीटमध्ये पक्षाचं नाव लिहायची अट काढून टाकली. म्हणजे तोट्यातली कंपनी पण कोटी कोटी देऊ शकते. ऑडिट शिकणाऱ्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळेल की तोट्यातली कंपनी देणगी देतेय म्हणजे तो पैसा तिचा नसणार.

माझा एक क्लायंट, फॅमिली कंपनी, नाव नाही सांगत. २०१९ च्या एप्रिलमध्ये त्यांचे मोठे भाऊ ऑफिसला आले, दार लावून घेतलं, म्हणाले सर, दोन कोटीचे घ्यायचेत, नाव कुठे येणार नाही ना? मी म्हटलं कायद्याप्रमाणे तर नाही येणार, पण बँक सरकारी आहे, तिथे केवायसी आहे, आणि बॉण्डवर अल्ट्राव्हायोलेट लाइटमध्ये दिसणारा एक नंबर छापलेला असतो. ते म्हणाले, सर, सरकारला कळलं तर हरकत नाही, समोरच्याला कळायला नको. झालं! सगळी स्कीम एका वाक्यात समजली मला. हॉर्निमन सर्कलच्या मेन ब्रांचमधून त्यांनी घेतले. देशात बॉण्डविक्रीत मुंबई सगळ्यात वर होती, आणि वटवण्यात दिल्ली.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच जजच्या बेंचने एकमताने ही स्कीम आणि साडेसात टक्क्यांची मर्यादा काढणारा बदल, दोन्ही घटनाबाह्य ठरवले. त्या निकालात एक मुद्दा असाही आहे की कंपनीची देणगी हा सरळ व्यवहारच असतो, बदल्यात काहीतरी मिळावं म्हणून दिलेली. आम्ही सीए लोक हे चहा पिताना बोलायचो, कोर्टाने लिहून दिलं. स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभा आटपल्यावर, कोर्टाने दिली नाही, आणि मार्चमध्ये सगळा डेटा निवडणूक आयोगाच्या साइटवर आला. सगळ्यात मोठा खरेदीदार एक लॉटरीवाली कंपनी, फ्यूचर गेमिंग, १,३६८ कोटी. दुसरी मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटी, मोठमोठी सरकारी कंत्राटं घेणारी. एप्रिल २०१९ ते जानेवारी २०२४ या काळात भाजपला ६,००० कोटींच्या वर, तृणमूलला १,६०० कोटींच्या, काँग्रेसला १,४०० कोटींच्या. किमतीच्या हिशेबाने नव्वद टक्क्यांहून जास्त बॉण्ड एक कोटीवाले होते, म्हणजे सामान्य माणसाने हजाराचा बॉण्ड घेऊन लोकशाहीला हातभार लावावा ही कल्पना कागदावरच राहिली.

लिस्ट आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मोठ्या भाऊंचा फोन. घाबरलेले. मला वाटलं लोक काय म्हणतील म्हणून घाबरलेत, तसं नव्हतं. ज्या पक्षाला दिलं त्यापेक्षा ज्याला दिलं नाही त्याची भीती होती, उद्या राज्यात ते आले तर?

हे नीट समजून घे, कारण ट्रेनमधल्या बायका आणि टीव्हीवरचे लोक दोघांचं इथेच चुकतं. आपण समजतो शेठ पुढाऱ्याला नाचवतो. बऱ्याच वेळा उलटं असतं, शेठ घाबरून देतो. मोठ्या खरेदीदारांपैकी कित्येकांवर ईडी, आयकर किंवा सीबीआयची चौकशी चालू होती किंवा छापे पडले होते, हे पेपरात नावानिशी आलंय. छापा पडला म्हणूनच दिले असं कुठल्या कोर्टात सिद्ध झालेलं नाही, विशेष तपास पथक (एसआयटी) नेमायची मागणी सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळली. पण मी ज्या टेबलावर बसतो तिथे डोनेशनबद्दल जेवढी बोलणी ऐकली त्यात ‘काय मिळेल’ हे कमी आणि ‘नाही दिलं तर काय होईल’ हे जास्त ऐकलंय. हप्ता आणि विमा यात फरक एवढाच की विम्याची पावती मिळते.

मात्र वरच्या दहा-वीस घराण्यांचं हे असं नसतं. ते घाबरून देत नाहीत. ते काय घेतात ते सांगतो, आणि त्यासाठी तुला आजोबांच्या मिलमध्ये घेऊन जातो.

तुझे आजोबा साचाखात्यात होते हे तू ऐकलंयस. १९८२ चा संप, अडीच लाख कामगार रस्त्यावर, पुढे मिला बंद पडत गेल्या आणि मागे राहिली परळ-लालबाग-वरळीतली सहाशे एकराच्या आसपास जमीन, भर शहरात. १९९१ मध्ये नियम आला, विकास नियंत्रण नियमावलीतला नंबर ५८. मालकाने मिलची जमीन विकसित करायची तर ढोबळ मानाने तिसरा हिस्सा महापालिकेला मैदान-बागेसाठी, तिसरा म्हाडाला घरांसाठी, आणि उरलेला मालकाला. कामगारांची घरं त्या म्हाडाच्या हिश्श्यात होणार होती. मग २००१ मध्ये त्या नियमात दुरुस्ती झाली. काय दुरुस्ती? की तिसरा हिस्सा काढायचा तो फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीतून, मिलची शेड पाडून जी जमीन मोकळी होईल ती त्यात धरायची नाही. आता मिल म्हणजे काय गं, शेडच ना सगळी! मोकळी जागा म्हणजे गेटजवळचं अंगण. चार-सहा शब्दांचा फरक, आणि शहराचा वाटा शेकडो एकरांवरून तुकड्यांवर आला. मुंबई हायकोर्टाने २००५ मध्ये ते अडवलं, मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने दुरुस्ती वैध धरली, आणि मग टॉवर आणि मॉल उभे राहिले ज्यांत तू आणि तुझ्या मैत्रिणी वीकेंडला जाता.

मी कोणावर लाचेचा आरोप करत नाहीये. दुरुस्ती कायदेशीर आहे, कोर्टाचा शिक्का आहे. मी एवढंच म्हणतो की त्या दुरुस्तीवर कुठल्या निवडणुकीत प्रचार झाला? कुठल्या जाहीरनाम्यात ती होती? आजोबांनी १९९९ ला मत दिलं, २००४ ला दिलं, दोन्ही वेळा भाषणात पाणी, रेशन, मराठी माणूस सगळं होतं, ‘शेड पाडल्यानंतरची जमीन’ हे शब्द कोणाच्या तोंडून निघाले नाहीत. आजोबांना त्याबद्दल कळलं तेव्हा शेजारच्या मिलचा भोंगा भंगारात गेला होता. शेठचा पैसा इथे लागतो, मसुदा लिहिणाऱ्याच्या शेजारी खुर्ची मिळवायला. आणि त्या खुर्चीची किंमत कितीही भरली तरी जमिनीच्या भावापुढे ती चिल्लर असते. एफएसआय, म्हणजे जमिनीवर किती बांधता येतं त्याचा आकडा, अर्ध्या पॉइंटने वाढला तर किती हजार कोटी होतात याचं एक्सेल मी क्लायंटसाठी स्वतः बनवलंय, म्हणून सांगतो.

आणि तिकिटाचं. पूर्वी पैसेवाला पुढाऱ्याच्या मागे उभा राहायचा, आता मधला माणूसच काढून टाकलाय. २०२४ च्या लोकसभेत निवडून आलेल्या ५४३ पैकी ५०४ जण त्यांच्याच प्रतिज्ञापत्राप्रमाणे करोडपती आहेत, ९३ टक्के. महाराष्ट्र विधानसभेला त्याच वर्षी सगळ्यात श्रीमंत उमेदवार आपल्या घाटकोपर पूर्वचे पराग शाह होते, जाहीर संपत्ती ३,३८३ कोटी, व्यवसाय बांधकाम, आणि ते निवडून आले. मलबार हिलचे मंगलप्रभात लोढाही बांधकामातलेच, मंत्री आहेत. यात बेकायदेशीर काही नाही, लोकांनी निवडून दिलंय. पण जॉर्ज फर्नांडिससारखा एखादा युनियनवाला आज तिकीट मागायला गेला तर त्याला पहिला प्रश्न कुठला विचारतात हे मी बाजूच्या खुर्चीत बसून ऐकलंय. ‘तुमची तयारी किती आहे?’ तयारी म्हणजे अभ्यास नाही हो, पेट्या.

विरोधक ओरडतात मग ते का थांबवत नाहीत असं तुला वाटेल. २०१४ च्या मार्चमध्ये दिल्ली हायकोर्टाने ठरवलं की भाजप आणि काँग्रेस दोघांनीही लंडनमध्ये नोंदलेल्या वेदांता ग्रुपच्या कंपन्यांकडून घेतलेल्या देणग्या परदेशी निधीच्या कायद्याविरुद्ध आहेत. मग काय झालं, कायदाच बदलला, आधी २०१६ ला, आणि २०१८ ला तर तो बदल १९७६ पासून लागू केला, म्हणजे बेचाळीस वर्षं मागे जाऊन, बजेटच्या गोंधळात, चर्चेशिवाय. जीएसटीच्या रिटर्नला माझ्या क्लायंटला एक दिवस उशीर झाला तरी दंड पडतो, आणि इथे बेचाळीस वर्षं माफ!

आता सध्या काय चाललंय ते सांगून थांबतो. बॉण्ड गेले, पैसा इलेक्टोरल ट्रस्टकडे वळला. ही स्कीम २०१३ ची, प्रुडंट, टाटांचा प्रोग्रेसिव्ह, असे ट्रस्ट. कंपनी ट्रस्टला चेक देते, ट्रस्टने वर्षात आलेल्यातले ९५ टक्के पक्षांना वाटून टाकायचे. २०२४-२५ मध्ये या ट्रस्टांमधून साधारण ३,८०० कोटी गेले, त्यातले ऐंशी टक्क्यांहून जास्त भाजपला. बॉण्डपेक्षा हे बरं आहे, देणाऱ्यांची यादी असते, घेणाऱ्यांची यादी असते. पण बरेचदा एका पातेल्यात सगळ्यांचं दूध ओतून मग वाटलेलं असतं, कोणाचं कोणाला गेलं ते सांगता येत नाही. आणि वीस हजारांच्या आतल्या देणगीचं नाव पक्षाला जाहीर करावंच लागत नाही, तिथे वेगळंच भोक आहे.

मत का द्यायचं विचारलंस. अगं, २०१९ ला शेठला नाही म्हणणारे लालबागवाले मत देऊनच नाही म्हणाले ना. तेवढं तर आहेच हातात. पण तू मत देऊन घरी बसलीस तर पुढची पाच वर्षं तो मसुदा कोण वाचणार? नियमाच्या दुरुस्तीची नोटीस राजपत्रात येते, पेपरात बारीक टायपात येते, हरकती-सूचनांना महिनाभर मुदत असते, आणि त्या मुदतीत हरकत घेणारे कोण असतात तर वकील ठेवलेले लोक. आमच्या वॉर्डात मी एकदा सुनावणीला गेलो तर नागरिक म्हणून आम्ही तिघं, आणि समोर आर्किटेक्ट, लायझनवाले, कन्सल्टंट मिळून पंचवीस जण.

तुला प्रोजेक्टला विषय हवाच आहे ना. शनिवारी दुपारी ऑफिसला ये, लॅपटॉप आण. आयोगाच्या साइटवर पक्षांनी भरलेले देणग्यांचे फॉर्म २४-ए पडलेले असतात, ट्रस्टचे रिपोर्ट असतात. एक कंपनी पकड, फार मोठी नको, मुंबईतलीच मधली. तिचा मागच्या तीन वर्षांचा नफा काढू, साडेसात टक्के लावू, दिलेली रक्कम बाजूला लिहू, आणि मग त्याच वर्षात तिला कुठल्या सरकारी परवानग्या किंवा टेंडरं मिळाली ते तारखेप्रमाणे खाली लिहीत जाऊ. निष्कर्ष काढायची घाई करायची नाही, नुसत्या तारखा. कंपनीचे कागद कॉर्पोरेट मंत्रालयाच्या साइटवर बघायला शंभर रुपये लागतात, ते मी भरतो, तू फक्त कंपनीचं नाव ठरवून ये. आणि येताना आईला सांग डबा दे म्हणून, शनिवारी खालचा उडपी बंद असतो.